अंगठा गेला, ओटीपी आला!



आपल्या पत्रिकेत बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, तोडणी आणि उतारा यांवर जाणकार मंडळी वेळोवेळी लिहीत असतात. त्याचा आपल्याला फायदाच होतो. मी आज जरा वेगळ्या पिकाबद्दल लिहिणार आहे. या पिकाला जमीन लागत नाही, पाणी लागत नाही. पण ते हाती नसेल तर हक्काची रक्कमसुद्धा दारात येऊन माघारी जाते. हे पीक म्हणजे शब्द. मोबाईलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर पदोपदी भेटणारे चाळीस-पन्नास इंग्रजी शब्द.

लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, सेव्ह, सबमिट, अपलोड, पेंडिंग, रिजेक्टेड, ॲग्री, अलाउ. हे शब्द प्रत्येक सभासदाला, त्याच्या मालकिणीला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही यायला पाहिजेत. आणि ते शिकवण्याचे काम कारखान्याने अंगावर घेतले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही जण म्हणतील, “कारखान्यानं साखर करावी, शाळा कशाला काढावी?” म्हणून का ते सविस्तर सांगतो.

गेल्या काही वर्षांत काय काय पडद्यावर गेले त्याचा हिशेब मांडून बघा. २०१७ सालच्या कर्जमाफीला अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. डिजिटल सहीचा सात-बारा २०१८ पासून मिळू लागला. पी. एम. किसानचे वर्षाचे सहा हजार २०१९ पासून सुरू झाले, आणि पुढे ‘ई-केवायसी’ केल्याशिवाय हप्ता मिळेना. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपणच मोबाईलवर करायची आहे. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीचे ॲप आणले. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर. २०२४ साली लाडक्या बहिणीचे अर्ज आले, तेव्हा गावोगाव बायका मोबाईलवाल्या पोराला शोधत फिरत होत्या. तात्पर्य, चावडीवरचा कारभार आता पडद्यावर आलाय. चावडी बदलली, आणि चावडीची भाषाही बदलली.

भाषा बदलणे आपल्याला नवीन नाही. दस्त, वसूल, जमीनदार, खातेदार हे शब्द काही ज्ञानोबा-तुकोबांच्या घरून आलेले नाहीत. त्यांचे मूळ फारसी-अरबी दरबारी कारभारात आहे. तरी अडाण्यातला अडाणी शेतकरीसुद्धा ‘दस्त’ म्हटले की कान टवकारतो. ‘सात-बारा’ म्हणजे तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, नुसते कागदाचे नंबर. पण त्या नंबरावर जमीन उभी आहे म्हणून तो आपल्याला पाठ आहे. कारखाना आला तेव्हा क्रशिंग, रिकव्हरी, मोलॅसिस, प्रेसमड हे शब्द आपण शिकलोच ना? अलीकडे एफआरपी शिकलो. ज्या शब्दावर पैसा अडतो, तो शब्द शेतकरी शिकतो. मग पडद्यावरचेच शब्द का शिकत नाही?

कारण सोपे आहे. मध्ये दुसरा माणूस बसलाय. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कुणी सेवा केंद्रवाला. आपण नंबर सांगायचा, आधार कार्ड द्यायचे, आलेला ओटीपी वाचून दाखवायचा आणि “झालं का रे?” म्हणून विचारायचे. तो “झालं” म्हणाला की घरी यायचे. काय झाले, ते त्यालाच माहीत.

इथे जुन्या इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हाती लागतील ते रोखे व दस्त जाळले. पाठोपाठ पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांतून तेच घडले. राग कागदावर का निघाला? तर त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला कळत नव्हते आणि त्याच कागदाच्या जोरावर त्याची जमीन जात होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद करावी लागली. म्हणजे सरकारलाही कबूल करावे लागले की, न समजता उठवलेला अंगठा हा खरा होकार नव्हे.

आज आपण सही करतो, अंगठा कधीच मागे पडला, असे आपण मानतो. पण मी म्हणतो, तो मागे पडलेला नाही. त्याने फक्त रूप बदललंय. मोबाईलवर येणारे ते चार किंवा सहा आकडे म्हणजे आजचा अंगठा. ‘आय ॲग्री’पुढच्या चौकटीत केलेली खूण म्हणजे आजचा अंगठा. ते आकडे कशासाठी आले, हे न वाचता दुसऱ्याला सांगणे आणि कोऱ्या कागदावर अंगठा देणे यांत काडीचा फरक नाही.

आमच्या नात्यातल्याच एका सभासदाची गोष्ट सांगतो. ठिबकसाठी अर्ज करायला ते एका दुकानात गेले. कागद दिले, पैसे दिले, ओटीपी सांगितला. वर्ष गेले तरी निरोप नाही. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने उघडून बघितले, तर अर्ज ‘ड्राफ्ट’मध्ये पडलेला. ‘सेव्ह’ केला होता, ‘सबमिट’ केलाच नव्हता. दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. गर्दीत राहून गेले असेल. पण त्या दिवशी पडद्यावरचा तो एक शब्द आमच्या पाहुण्यांना वाचता आला असता, तर त्यांनी तिथल्या तिथे विचारले असते, “बाबा, हे ड्राफ्ट का दिसतंय?” एका शब्दापायी एक हंगाम गेला.

आता मी जिथे राहतो तिथला अनुभव सांगतो. माझी जमीन आणि शेअर आपल्या कार्यक्षेत्रात. पण पोटासाठी मी बरीच वर्षे भिवंडीत, कामतघरला आहे. वऱ्हाळादेवीचे देऊळ आणि मोठा तलाव असलेली ही वस्ती. आजूबाजूला यंत्रमागाची खडखड. शेजारी मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू असे सगळे बोलणारे लोक. तेलंगणाकडून आलेली पद्मशाली विणकर मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे भिवंडीभोवती मोठमोठी गोदामे झाली. ऑनलाइन मागवलेला माल तिथून देशभर जातो. आपल्या भागातली ऊसवाल्यांची पोरंही त्या गोदामांत कामाला आहेत. तिथे मोबाईलसारखे यंत्र हातात देतात, त्यावर सगळे इंग्रजी. शब्द कळला तर काम, नाहीतर दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे.

आम्ही चार निवृत्त माणसांनी संध्याकाळचा एक छोटा वर्ग सुरू केला. इंग्रजी शिकवायचा नव्हे, पडद्यावरचे शब्द शिकवायचा. त्यातून मला जे उमगले ते आपल्या कामाचे आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, व्याकरणापासून सुरुवात केली की माणूस पळतो. मागावरच्या कामगाराला बीम, बॉबिन, शटल, पिक हे शब्द कुणी फळ्यावर शिकवले नाहीत. पिक म्हणजे कापडातला आडवा धागा. जॉबचा दर त्याच्यावर ठरतो, म्हणून त्याला तो पक्का माहीत. आपले पीक वेगळे, त्यांचे पिक वेगळे, पण पोट दोन्हींवर चालते. तेव्हा शब्द शिकवायचा तो बटण दाबत दाबतच. हाताने केलं की डोक्यात बसतं.

दुसरी गोष्ट, शब्दाचा नुसता अर्थ सांगून भागत नाही. ‘हे दाबलं तर काय होईल?’ ते सांगावे लागते. ‘सबमिट म्हणजे सादर करणे’ असे सांगितले तर माणूस मान हलवतो आणि विसरतो. ‘सबमिट दाबलं की कागद तुझ्या हातून गेला, आता बदल सहजासहजी नाही’ असे सांगितले की तो दाबण्याआधी थांबतो. हे थांबणं हेच खरं शिक्षण.

तिसरी गोष्ट, शब्द जोडीने शिकवावेत. सेव्ह आणि सबमिट. लॉगिन आणि लॉगआउट. अपलोड आणि डाउनलोड. अलाउ आणि डिनाय. पेंडिंग आणि रिजेक्टेड. जोडीतला फरक कळला की दोन्ही शब्द कायमचे राहतात.

चौथी गोष्ट, ओळखीच्या कामातून शिकवावे. विणकराला मागाच्या भाषेत, ऊसवाल्याला उसाच्या भाषेत. आपल्या सभासदांसाठी मी असे सांगेन:

युजर आयडी म्हणजे आपला सभासद क्रमांक. तो चारचौघांत सांगितला तरी एक वेळ चालेल. पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. ती खिशातच राहिली पाहिजे. ओटीपी म्हणजे एका खेपेची चिठ्ठी. ती त्याच गाडीला, त्याच वेळेला चालते, आणि दुसऱ्याच्या हाती गेली तर आपल्या नावावर त्याची गाडी आत जाते. सेव्ह म्हणजे गाडी गाडीतळावर उभी केली. अजून वजन नाही. सबमिट म्हणजे गाडी काट्यावरून गव्हाणीकडे गेली. आता मोळी परत मिळणार नाही. सबमिटनंतर येणारा अर्ज क्रमांक म्हणजे काटा पावती; पावती घेतल्याशिवाय कोण शहाणा काट्यावरून हलतो? पेंडिंग म्हणजे गाडी नंबरला आहे. रिजेक्टेड म्हणजे परत पाठवली. तिथे ‘रिमार्क’ असतो, तो वाचायचा, कारण का परत आली ते त्यातच असते. राहिले अपलोड आणि डाउनलोड. त्यातला ‘लोड’ आपल्या ट्रॉलीवाल्यांना सांगायला नको. आपले कागद त्यांच्याकडे चढवले ते अपलोड, त्यांच्याकडचे आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतले ते डाउनलोड. आणि लॉगआउट म्हणजे काम झाल्यावर दाराला कुलूप. दुसऱ्याच्या संगणकावर काम केले आणि लॉगआउट केले नाही, तर घर उघडे टाकून यात्रेला गेल्यासारखे आहे.

एवढे शब्द जरी पक्के झाले, तरी निम्मा धोका टळतो. कामतघरच्या वर्गात घरकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, मातृभाषा तेलुगू, शिक्षण चौथी. दोन महिन्यांनी बँकेच्या नावाने फोन आला, “केवायसी संपली, आलेला नंबर सांगा.” बाईंनी त्याला सुनावले, “तो नंबर माझा अंगठा आहे, देणार नाही.” फोन बंद! ही हुशारी पुस्तकातली नव्हे, शब्द कळल्याची आहे. आणि ज्याची फसवणूक झालीच, त्याने लाजून घरात न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा; जितका उशीर तितका पैसा हातून लांब जातो.

आता आक्षेपांकडे येतो.

कुणी म्हणेल, “शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे, पोरं बघून घेतील.” खरे आहे. २००० साली आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हाची मुले आज तिशीत आहेत. २००२ पासून एमएस-सीआयटीचे वर्गही निघाले, गावोगावच्या मुलांनी प्रमाणपत्रे घेतली. पण पोरगं पुण्याला किंवा भिवंडीला नोकरीला गेलं, की घरी राहतात ती म्हातारा-म्हातारी. सात-बारा त्यांच्या नावावर, शेअर त्यांच्या नावावर, मोबाईल क्रमांक त्यांचा. ओटीपी त्यांच्याकडेच येतो. पोरगा फोनवर विचारतो, “काय आलंय वाचा.” आणि ते वाचतात. उद्या पोराच्या जागी भामटा विचारेल, तेव्हाही वाचतील.

दुसरा म्हणेल, “सगळं मराठीत करा म्हणजे प्रश्न मिटला.” मराठीत झालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही, आणि काही सरकारी संकेतस्थळे मराठीत आहेतही. पण मराठी पानावरसुद्धा ओटीपी, कॅप्चा, पीडीएफ हे शब्द तसेच असतात. बँकेचे निरोप बऱ्याचदा इंग्रजीत येतात. शिवाय काही ठिकाणचे मराठी असे जड, की ते समजायला पुन्हा इंग्रजीकडे जावे! म्हणून मराठीचा आग्रह धरायचा आणि तोपर्यंत इंग्रजी शब्दही शिकून घ्यायचे. पाऊस येईल म्हणून मोट कुणी मोडत नाही.

तिसरा म्हणेल, “यंत्रं आणून द्या, लोक आपोआप शिकतील.” याला आपल्याच सहकारातला दाखला आहे. १९९८ साली वारणानगरला केंद्र सरकारच्या मदतीने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांसाठी तो आखला होता. गावात संगणक केंद्रे आली. ऊस उत्पादकाला नोंद, वजन, बिल यांची माहिती गावातच मिळू लागली. कारखान्याला हेलपाटा वाचला, ही मोठी गोष्ट झाली. तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणेला ते शोभणारेच होते. पण या केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या माहितीपुरताच राहिला. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि तेवढ्यावरही काम भागते असे दिसले. मी यातून धडा घेतो तो असा की, यंत्र बदलत राहते. कालचा संगणक गेला, आजचा मोबाईल उद्या जाईल. शब्द कळणारा सभासद मात्र कुठल्याही यंत्रापुढे उभा राहू शकतो. गुंतवणूक करायची तर ती सभासदात करावी.

आणि हे कारखान्याचे काम आहे का? माझे उत्तर, होय. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी २८ जणांनी सहकारी दुकान काढले, त्यांत विणकर होते. त्यांनी दुकानाबरोबर वाचनालयही चालवले आणि नफ्यातला वाटा शिक्षणासाठी बाजूला काढला. सभासदाला शिक्षण देणे हे सहकाराचे तत्त्वच होऊन बसले. आपल्याकडे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हापासून कारखान्यामागे शाळा-कॉलेजे आली. सहकार कायद्यातही २०१३ च्या दुरुस्तीने कलम २४-अ आले. त्यात सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. तेव्हा मी भीक मागत नाही, हक्काचे मागतो आहे.

संचालक मंडळाकडे माझ्या नम्र सूचना अशा:

१. गळीत हंगाम संपला की पाऊस पडेपर्यंतच्या काळात प्रत्येक गट ऑफिसात दहा संध्याकाळचा वर्ग घ्यावा. एका संध्याकाळी पाच शब्द, जास्त नाही. प्रत्येकाने स्वतःचा मोबाईल आणावा व स्वतःच्या बोटाने दाबावे.

२. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. सभासदांच्याच शिकलेल्या मुला-मुलींना थोडे मानधन देऊन हे काम द्यावे. शेतकी खात्याच्या मदतनीसांनाही तयार करावे.

३. महिलांचा वर्ग वेगळा व त्यांच्या सोयीच्या वेळी असावा. कित्येक घरांत बाईच्या नावाचा मोबाईल पुरुषाच्या खिशात असतो. खाते तिचे, तर ओटीपीही तिनेच वाचला पाहिजे.

४. या पत्रिकेच्या प्रत्येक अंकात पाच शब्द छापावेत. इंग्रजी शब्द पडद्यावर दिसतो तसा, त्याचा उच्चार मराठीत, आणि ‘दाबल्यास काय होते’ हे एका ओळीत.

५. कारखान्याने सभासदांना पाठवायचे सगळे निरोप सोप्या मराठीत असावेत. दुसऱ्याला सांगण्याआधी आपले अंगण झाडावे.

सेवा केंद्रवाल्यांशी माझे भांडण नाही. त्यांची मेहनत आहे, त्यांना त्यांचा आकार जरूर द्यावा. पण त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहून पडदा वाचणारा सभासद आणि बाहेर बाकावर बसून “झालं का?” विचारणारा सभासद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला काम करून घेतो, दुसऱ्याचे काम केले जाते.

आपल्या वाडवडिलांनी काट्यावर उभे राहून वजन स्वतः वाचायचा हट्ट धरला. सुरुवातीला त्यांनाही आकडे येत नव्हते. पण माझ्या उसाचे वजन मी बघणार, हे त्यांना कळत होते. आज पडदा हाच काटा आहे. त्यावर काय उमटले ते आपल्याला वाचता आलेच पाहिजे. येत्या वार्षिक सभेत हा विषय कुणीतरी मांडावा, आणि बाकीच्यांनी हात वर करून त्याला अनुमोदन द्यावे, एवढी विनंती करतो.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद,
मुक्काम कामतघर, भिवंडी